बाकावरचा पाहुणा

आपल्याकडे पोलीस ठाण्यात माणसाला अटक होत नाही, अटक दाखवली जाते. मुलगी दाखवतात, तशी हीदेखील सवडीने, वेळ पाहून दाखवायची गोष्ट. तोवर माणूस लाकडी बाकावर बसलेला असतो. अटक झाली का विचारलं तर उत्तर येतं, "छे हो, चौकशीला बोलावलंय." मग घरी जाऊ का? "बस की गपचूप!"

आमच्या शेजारच्या पोराला असंच बोलावलं होतं. संशय मोबाइल चोरीचा. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला तो बाकावर बसला आणि शनिवारी रात्री सव्वानऊला त्याची अटक दाखवली. मधले पावणेसव्वीस तास तो पाहुणा होता. चहाही मिळाला, पैसे त्याचेच.

खरं तर चोरीची शिक्षा तीन वर्षांपर्यंतची. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करू नका, आधी नोटीस द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात २०१४ सालीच बजावलंय. पण नोटिशीला कागद लागतो, कारणं लिहावी लागतात. बाक आयताच असतो.

मी ठाण्यात गेलो, तेव्हा बाकाच्या बरोबर वर फलक दिसला. १९९६च्या डी. के. बसू निकालातली बंधनं : अटक पंचनामा करा, साक्षीदाराची सही घ्या, नातलगाला कळवा, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करा. बाकावर बसलेल्याला तो वाचता येत नाही. मान वर केली की, "वर काय बघतोस रे?" समोरच्या खुर्चीवरून मात्र अक्षर न् अक्षर दिसतं. ज्यांनी पाठ करायचा, त्यांच्याच डोळ्यांसमोर लावलाय, याबद्दल ठाण्याचं कौतुक करायला हवं.

"साहेब, याला वकिलाला भेटू द्या," मी म्हटलं.

"अटकच नाही, तर वकील कशाला काका?"

रात्री अटक दाखवल्यावर पुन्हा विचारलं.

"आता अटक झाली. आता वकील काय करणार?"

कोठडीतल्या माणसाला, तो कितीही कमावत असला तरी, विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. १९८७चा कायदा आहे. हे मी सांगितलं, तेव्हा हवालदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बाकावर अजून एकाची जागा आहे का, याचा मीच अंदाज घेतला.

गप्प राहण्याच्या हक्काचं तर विचारूच नका. राज्यघटनेचं कलम २०(३) सांगतं, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. ठाण्यात "गप बस" हे दिवसातून शंभरदा ऐकू येतं. फक्त प्रश्न विचारल्यावर गप्प बसलं, की तोच माणूस 'सहकार्य करत नाही'. आणि पोलिसांपुढच्या जबाबावर सही करायची नसते, असं कायदाच म्हणतो. तरी पोराला सांगितलं होतं, "सही कर, लगेच सोडतो."

सव्वानऊला त्यांनी मला हाक मारली. "काका, तुम्ही शिकलेले दिसता. पंच म्हणून सही करा." अटक पंचनाम्यावर वेळ होती २१.१५. मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. खरंच सव्वानऊ झाले होते. माणसाला अडवून ठेवलं तेव्हाच अटक सुरू होते, कागदावरच्या वेळेपासून नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालय १९९० सालीच म्हणालंय. मला ते माहीत होतं. पण बायको घरी जेवायची थांबली होती. मी सही केली.

रविवारी सकाळी सव्वाअकराला सुट्टीच्या न्यायालयात पोराला उभं केलं. दंडाधिकाऱ्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" मागे उभे असलेले हवालदार हलकेच खाकरले.

"नाही साहेब."

दंडाधिकाऱ्यांनी पंचनाम्यावरची वेळ पाहिली, मग घड्याळ पाहिलं. चोवीस तास व्हायला अजून दहा तास शिल्लक होते. खाली माझी सही होती, सुवाच्य.