दुकान मिटल्यानं चोर उपाशी राहत नाही

चोरी होते म्हणून विक्रीच बंद, हा उपाय मराठी प्रकाशनात चांगलाच रुजला आहे. ई-बुक काढा म्हटलं की उत्तर ठरलेलं: "काढलं की दुसऱ्या दिवशी पीडीएफ टेलिग्रामवर." मग ई-बुक निघत नाही. पीडीएफ मात्र तिसऱ्या दिवशी टेलिग्रामवर येतेच.

ती कशी असते, ते लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगरात कुणाही पोराच्या मोबाइलवर पाहा. पानं कॅमेऱ्यानं टिपलेली. डाव्या कडेला कुणाचा तरी अंगठा. पहिल्या पानावर वाचनालयाचा गोल शिक्का, दाखल क्रमांकावर पेनाची काट. एक पान तिरकं, एक दोनदा आलेलं, एक गायब. ही फाइल कुठल्या ई-बुकातून निघालेली नाही, छापील प्रतीवरून उतरवलेली आहे. त्याला लागतो एक मोबाइल, फुकटचं स्कॅनिंग ॲप आणि एक दुपार. पुस्तक छापलं त्या दिवशीच ते चोरण्याजोगं झालं. मग ई-बुक न काढून अडवलं कुणाला? अंगठेवाल्याला नाही. पैसे काढून हातात धरलेल्याला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

हा प्रयोग परदेशात एकदा मोठ्या प्रमाणावर करून झाला आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा 1974 पासूनचा खेळ. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, फासे टाकतात आणि गोष्ट रचत खेळतात. सगळा खेळ नियमांच्या जाडजूड पुस्तकांवर चालतो, म्हणजे पुस्तक हाच माल. एप्रिल 2009 मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं त्या पुस्तकांच्या नव्या-जुन्या सगळ्या पीडीएफ एका फटक्यात विक्रीतून काढून घेतल्या. कारण चोरीचं दिलं. नुकतंच आलेलं एक नियमपुस्तक इंटरनेटवर चढवल्याबद्दल आठ जणांवर दावेही ठोकले. दावे योग्यच होते. चोरावर संशय असेल तर चोरालाच धरावं. पण विक्री थांबवली त्याचा फटका कुणाला बसला? रोख पैसे मोजून पीडीएफ घेतलेल्यांची ती पुन्हा उतरवून घेण्याची सोय गेली. ज्या जुन्या पुस्तकांची छपाई कधीच थांबली होती, त्यांना तर बाजारात दुसरं रूपच उरलं नाही. चोरीच्या फायली होत्या तिथंच राहिल्या.

ज्या दुकानांना ही विक्री थांबवावी लागली, त्यांत पायझो ही कंपनीही होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिनं 'पाथफाइंडर' हा स्वतःचा खेळ आणला. 576 पानांचं नियमपुस्तक छापील सुमारे 50 डॉलरला, पीडीएफ सुमारे 10 डॉलरला. चोरीचा धोका तिलाही तेवढाच होता. तिनं दुकान उघडं ठेवलं आणि काही वर्षांतच पाथफाइंडर हा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी झाला. विझर्ड्सनं जानेवारी 2013 मध्ये जुनी पुस्तकं पुन्हा पीडीएफमध्ये विकायला काढली. म्हणजे पावणेचार वर्षांनी कंपनी जिथून निघाली होती तिथंच परत आली.

परदेशी खेळाचा दाखला नको असेल तर वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचा घ्या. लातूर-नांदेडात नीटची तयारी करणारं पोर एनसीईआरटीचं जीवशास्त्र ओळन् ओळ पाठ करतं. ते पुस्तक एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर अख्खंच्या अख्खं फुकट आहे. तरी पोरांना छापील प्रत हवीच असते: खाली रेघा मारायला, समासात लिहायला, रात्री डोळे दुखेपर्यंत स्क्रीनकडे बघायला लागू नये म्हणून. ती इतकी हवी असते की चोर नकली प्रती छापतात. ऑगस्ट 2020 मध्ये मेरठला पोलिसांनी सुमारे 35 कोटींची नकली एनसीईआरटी पुस्तकं पकडली. फुकट पीडीएफनं छापील पुस्तक मरत असतं, तर ते नकली छापायला कुणी भांडवल घातलं असतं?

कादंबरी पाठ करायची नसते, एकदा वाचून होते, हे मला मान्य आहे. म्हणून ती फुकट द्या असं मी म्हणत नाही. विकत द्या, एवढंच म्हणतो.

आपल्याकडच्या क्लासवाल्यांनाही हेच सांगायचं आहे. मॉड्यूल आणि टेस्ट सिरीज भरगच्च फी भरणाऱ्याच्याच हातात पडतात, सुट्या विकत मिळत नाहीत. औशाच्या किंवा मुखेडच्या पोराच्या बापाकडे वर्षाची फी नाही, पण मॉड्यूलपुरते पैसे आहेत. ते घ्यायला क्लास तयार नाही. झेरॉक्सवाला तयार आहे: पेनड्राइव्ह लावतो, छापतो, स्पायरल घालून देतो. त्या पोराला चोर म्हणण्याआधी त्याला गिऱ्हाईक होण्याची संधी कुणी दिली होती का, ते सांगा.

पुण्यात बसून हे कळणं अवघड आहे. तिथं पुस्तक हवं झालं की अप्पा बळवंत चौक गाठायचा. किनवटच्या वाचकाला नांदेड गाठायला सव्वाशे-दीडशे किलोमीटर कापावे लागतात आणि तिथंही हवं ते पुस्तक मिळेलच असं नाही. एप्रिल 2022 मध्ये उदगीरला 95 वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा पुस्तकं दारात आली. संमेलन संपलं, स्टॉल उठले. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत उदगीरच्या वाचकाला पुस्तक मोबाइलवरच चटकन पोचू शकतं. किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर 2016 मध्येच आली. तरी चांगला खप असलेल्या कित्येक मराठी पुस्तकांना आजही ई-आवृत्ती नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद होती, वाचक घरात होते आणि व्हॉट्सॲपवर मराठी पुस्तकांच्या पीडीएफचा पूर आला होता. त्यानंतर तरी शहाणपण यायला हवं होतं.

कायदा प्रकाशकाच्या बाजूनं भक्कम आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खाली 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. हक्कही लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचं निधन 1982 सालचं, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क 2042 अखेरपर्यंत. एवढा लांब पल्ल्याचा हक्क हाती असणाऱ्यावर जबाबदारीही तेवढीच येते: पुस्तक सतत मिळत राहिलं पाहिजे. आवृत्ती संपली, पुन्हा छापायची नाही, ई-बुकही काढायचं नाही आणि कुणी स्कॅन केलं तर पोलिसांत जायचं, हे चालणार नाही. असा हक्क पुस्तक जपत नाही, पुरून ठेवतो.

सरकारनंही बाजूला उभं राहू नये. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीवर 5 टक्के, आणि छापील आवृत्तीच नसेल तर 18 टक्के. ज्या वाचकाच्या गावात पुस्तकाचं दुकान नाही, त्याच्याकडूनच हा कर वसूल होतो. तो आधी रद्द करा. राज्यात सुमारे 11 हजार अनुदानित सार्वजनिक वाचनालयं आहेत. त्यांच्यामार्फत ई-पुस्तकं वाचायला द्या आणि लेखक-प्रकाशकांना त्याचे पैसे अनुदानातून मोजा. गावातल्या अगदी छोट्या, 'ड' वर्गाच्या वाचनालयालाही त्यामुळं नवं पुस्तक पहिल्याच आठवड्यात मिळेल.

प्रकाशकांनी करायचं काम तर आजच्या आज होण्यासारखं आहे. ई-बुकची किंमत छापील प्रतीच्या निम्म्याच्या खाली ठेवा. पैसे यूपीआयनं घ्या. प्रत्येक पानाच्या तळाशी विकत घेणाऱ्याचं नाव छापा, म्हणजे ती फाइल पुढं ढकलताना त्याचा हात आखडेल आणि फुटली तर कुठून फुटली ते कळेल. कथासंग्रहातली एखादी कथा, अभ्यासाच्या पुस्तकातलं एखादं प्रकरण सुटं विका. चढवणाऱ्यावर दावा जरूर लावा, त्या दाव्याच्या बाजूनं मी उभा राहीन.

आणि वाचकांनो, तुमची सुटका नाही. 300 रुपयांच्या पुस्तकामागे लेखकाला 10 टक्क्यांच्या हिशेबानं 30 रुपये मिळतात. चारशे जणांच्या ग्रुपवर 'वाचनप्रेमींसाठी सप्रेम' असं लिहून तुम्ही पीडीएफ ढकलता, तेव्हा ते 30 रुपये त्याच्या घासातून जातात. आज लिहिणाऱ्या लेखकाचं पुस्तक बाजारात मिळत असेल, तर चोरीच्या प्रतीला कसलीही सबब नाही. अडचण खरी असेल तर वाचनालयाची वर्गणी भरा. तीही जमत नसेल तर एखादं पुस्तक मित्राकडून मागून वाचा आणि परत करा.

पण हे सुनावण्याचा माझा अधिकार एका अटीवर टिकतो: पुस्तक विकत मिळायला हवं. किनवटच्या पोरानं पैसे पुढं केले आणि घेणारा कुणी सापडला नाही, तर त्याला प्रामाणिकपणाचे धडे कुठल्या तोंडानं द्यायचे? आधी विकायला ठेवा. चोर किती आणि गिऱ्हाइकं किती, ते त्यानंतर मोजू.