पाण्याचे पदाधिकारी

महाराष्ट्रात पाण्याची टंचाई असेल, पाण्याच्या पदाधिकाऱ्यांची नाही. पुण्याच्या यशदामध्ये राज्याचं जलसाक्षरता केंद्र आहे. तिथल्या पदांची नुसती यादी वाचली तरी तहान भागते: जलनायक, जलयोद्धा, जलप्रेमी, जलदूत, जलसेवक, आणि सरकारी नोकरीत असाल तर जलकर्मी. २०२२ च्या गांधी जयंतीला सेवाग्रामहून ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान निघालं, ७५ नद्या घेऊन. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने तळ्या-पाणथळींसाठी ‘वेटलँड मित्र’ काढले. नायक झाला, योद्धे झाले, दूत झाले, मित्रही झाले. खलनायकाला तेवढं प्रशिक्षणाचं बोलावणं अजून गेलेलं नाही.

यांच्या शिबिरांना येणाऱ्यांची थट्टा नाही करायची. रविवारची झोप मोडून तळ्याकाठी येतात बिचारे. निवृत्त बँकवाले, दोन-तीन शिक्षिका, एनएसएसची पोरं (त्यांना तास भरायचे असतात, पण येतात) आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक काका. या काकांना त्या तळ्याबद्दल व्यासपीठावरच्या सगळ्यांहून जास्त माहिती असते, म्हणूनच बहुधा त्यांना कुणी बोलायला उभं करत नाही. आधी जलपूजन होतं. कलशात बाटलीबंद पाणी, कारण तळ्याचं ओतलं तर नारळ नासेल.

मग प्रात्यक्षिक. वीस सेंटिमीटरची काळी-पांढरी चकती दोरीने पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. १८६५ मध्ये सेकी नावाच्या इटालियन पाद्र्याने पोपच्या जहाजावरून समुद्रात पांढरी चकती सोडली होती. तेव्हापासून जगभर पाण्याचा नितळपणा असा मोजतात. आपल्याकडे चकती जलपर्णीवर जाऊन बसते. नोंदवहीत खोली शून्य.

दुसरा प्रयोग प्राणवायूचा. नमुन्याच्या बाटलीत दोन रसायनं घालायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. नाल्याच्या तोंडाशी भरलेल्या बाटलीत तो दुधासारखा पांढरा बसतो, पोरं टाळ्या वाजवतात, आणि आठवीतली एखादी मुलगी हमखास विचारते, “सर, पण हे पाणी सोडतंय कोण?” सर म्हणतात, छान प्रश्न आहे, पुढच्या सत्रात घेऊ. पुढचं सत्र प्रमाणपत्र वाटपाचं असतं.

उरलेल्या वेळात जलपर्णी काढायची. ही वनस्पती सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते आणि ऊन चांगलं असेल तर पंधरवड्यात दुप्पट होते. म्हणजे महिन्यातल्या एका रविवारी श्रमदान करणाऱ्या जलप्रेमीची तिच्याशी असलेली शर्यत कोण जिंकणार, हे सांगायला जलनायक लागत नाही. तिच्यासाठी दरवर्षी टेंडर निघतं ते वेगळंच. नाला बंद केला तर पुढच्या वर्षी टेंडर कसलं काढायचं?

आता व्यावसायिकांच्या प्रशिक्षणाकडे येऊ. त्याचा उत्तम नमुना मुंबईत आहे. पवई तलाव १८९१ चा, मगरींसकट. मुंबई महापालिकेला त्याच्या काठाने सायकल ट्रॅक करायची हौस आली. दगड भरलेल्या जाळ्या पाण्याच्या कडेला रचून वर रस्ता. यातून पाणी झिरपतं, त्यामुळे तळ्याला काही होत नाही, असा पालिकेचा दावा. आयआयटीचे विद्यार्थी आणि पर्यावरणवाले उच्च न्यायालयात गेले. पाणथळींच्या २०१७ च्या नियमांवर खल झाला आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने काम बेकायदा ठरवलं, टाकलेलं सगळं काढून जागा होती तशी करा म्हणून बजावलं. जे नियम माहीत असण्याचाच पगार मिळतो, ते अभियंत्यांना वकील लावून शिकवावे लागले. राज्यातली गेल्या काही वर्षांतली सर्वांत परिणामकारक कार्यशाळा ती हीच. चहा-नाश्ता नव्हता, हजेरी मात्र शंभर टक्के.

बाकी आपल्या सिव्हिलवाल्यांचं तळ्याबद्दलचं शिक्षण ठरलेलं आहे. काठ दिसला की दगडी पिचिंग, मग पेव्हर ब्लॉक, मग रेलिंग, मग रंगीत दिव्यांचं कारंजं. काठाचा चिखल, लव्हाळं, पाणकणीस ही त्यांच्या लेखी अस्वच्छता. पाणकोंबडी घरटं कुठे करणार याचा कॉलम इस्टिमेटमध्ये नसतो.

आणि सांडपाणी प्रकल्प चालवणारा माणूस? सगळी भिस्त ज्याच्यावर, त्याच्यासाठी शिबिर नाही. मैला खाणाऱ्या जिवाणूंना चोवीस तास हवा लागते. रात्री ब्लोअर बंद ठेवला की विजेचं बिल उतरतं आणि जिवाणू मरतात. लांब कशाला जायचं, तुमच्या सोसायटीच्या तळघरातही असेल एक असा प्रकल्प. ब्लोअर किती वाजता बंद होतो, सेक्रेटरींना विचारून बघा. (विचारल्यावर पुढच्या वर्षी सेक्रेटरी तुम्हीच व्हाल, तेव्हा जपून.) नमुना प्रयोगशाळेत गेला तरी बीओडीचा, म्हणजे मैला किती उरला त्याचा, आकडा मिळायला २७ अंशांवर तीन दिवस ठेवावा लागतो. तोवर पुण्यातल्या मुठेचं पाणी भीमेची वाट धरतं आणि त्यापुढे आहे उजनी. सोलापूरकर ते गाळून, उकळून पितात. सर्वांत कडक जलसाक्षरता त्यांची, तीही प्रमाणपत्राशिवाय.

खरं प्रशिक्षण बघायचं तर भंडारा-गोंदियाकडे जावं. तिथले तलाव कोहळी समाजाने बांधले, मालगुजारांनी राखले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले. सरकारी कागदात त्यांना माजी मालगुजारी, म्हणून मामा तलाव म्हणतात. लोक म्हणाले, पाणी आमच्या निस्तार हक्काचं, पट्टी देणार नाही; सरकार म्हणालं, मग दुरुस्ती करणार नाही. गाळ साचत राहिला. मत्स्य विभागाने तिथल्या मासेमार ढिवरांना रोहू, कटला, मृगळ सोडायला शिकवलं आणि गावठी मासे मागे पडले. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाची मंडळी तिथे गेली ती ढिवरांना विचारायला. कुठल्या वनस्पतीत कुठला मासा अंडी घालतो, कुठली कुठला पक्षी खातो, कुठली कधीपासून दिसेनाशी झाली. ढिवरांनी सांगितलं. मग काठची बेशरमाची झुडपं उपटली, उन्हाळ्यात कोरडा तळ नांगरला, शेजारच्या तलावांतून पाणवनस्पती आणून लावल्या. बायकांनीही गुडघाभर चिखलात उभं राहून लावल्या. मासे परतले, पक्षीही. जलपूजन झालं की नाही ते माहीत नाही, पण जाळ्यात मासळी आली.

तेव्हा पुढच्या आर्थिक वर्षात एक बॅच वेगळी काढावी. प्रशिक्षणार्थी: वॉर्डाचे अभियंते, नालेसफाईचे ठेकेदार, प्रकल्पावरचे ऑपरेटर, बिल्डरकडे परवानग्या बघणारे गृहस्थ, स्थायी समितीचा एखादा माननीय सदस्य आणि आळीपाळीने सोसायट्यांचे सेक्रेटरी. व्याख्याती गोंदियाची ढिवरीण, मानधन मजुरीच्या नव्हे तर तज्ज्ञांच्या दराने. स्थळ नाल्याच्या तोंडाशी, वारा येतो त्या बाजूला. वेळ सकाळी दहा ते पाच, जेवण तिथंच. मास्क वाटू नयेत.