जास्तीचं मॅगझिन

सिंगापुरात तांजोंग पगारच्या कॅन्टोन्मेंट रोडवर ‘पिनॅकल ॲट डक्स्टन’ या ५० मजली सरकारी इमारती आहेत. एकूण ७ इमारती, १८४८ घरं. त्यातल्या एका घरी गेल्या हिवाळ्यात हर्णैचे एक आजोबा मुलाकडे राहायला आले. उरलेल्या १८४७ घरांतल्या कोणाकडे नसेल अशी एक गोष्ट त्यांच्याकडे आहे, ती म्हणजे बंदुकीचा परवाना.

बंदूक अर्थातच हर्णैला. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, ठासणीची. नळीत दारू ओतायची, काथ्या कोंबायचा, गजाने ठासायचं, छर्रे, पुन्हा काथ्या, मग केप. एवढं होईपर्यंत माकडं शेजारच्या आंब्यावर बसून पाहत असतात. बार निघाला की ती उठतात आणि दुसरा ठासून होईपर्यंत परत येऊन बसतात. निवडणूक आली की हीच बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. तिची पावती आजोबा बंदुकीपेक्षा जपून ठेवतात.

त्यामुळे नातू सैन्यात गेला तेव्हा घरात या विषयावर बोलण्याचा अधिकार आपोआपच आजोबांकडे आला. सिंगापुरात मुलगा अठरा वर्षांचा झाला की दोन वर्षं राष्ट्रीय सेवा. कायमच्या रहिवाशांच्या मुलांनाही ती चुकत नाही. नातू पुलाव तेकोंग बेटावर कवायत करत होता. शनिवारी तो घरी आला, दीड तास झोपला आणि पिठलं-भाताच्या ताटावर बसला.

“रायफल कोणती?” आजोबांनी सुरुवात केली.

“सार ट्वेंटीवन. मॅगझिनमध्ये तीस गोळ्या. बाहेरून दिसतात किती उरल्या ते.”

“मॅगझिन एकच देतात की जास्तीचं?”

“जास्तीची असतात ना, आजोबा. पाउचमध्ये.”

“मग एखादं आणायचंस. पाहिलं असतं.”

सुनेच्या हातातली पळी तशीच थांबली.

सिंगापूरच्या १९७३च्या शस्त्र-गुन्हे कायद्यात कोणाला इजा करण्याच्या इराद्याने गोळी झाडली, तर ती लागो न लागो, शिक्षा फाशीची. बेकायदा शस्त्र किंवा काडतूस नुसतं बाळगलं तरी तुरुंग आणि वर वेताचे फटके. नातवाने सांगितलं, की गोळीबाराचा सराव संपला की प्रत्येकाला मोठ्याने सांगावं लागतं, माझ्याकडे जिवंत काडतूस नाही, रिकामी पुंगळीही नाही. पुंगळ्यांचा हिशेब चुकला तर सगळी तुकडी गवतात वाकून शोधत बसते. आजोबांनी माकडांवर झाडलेल्या छर्‍यांचा हिशेब आजवर कोणी मागितलेला नाही.

पण आजोबांचा प्रश्न चुकीचा नव्हता. रायफलीचं पोलाद पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. मॅगझिन हा तिच्या मानाने किरकोळ डबा. आत स्प्रिंग, वर काडतुसं धरून ठेवणाऱ्या दोन दुमडलेल्या कडा. डबा हातातून पडला की कड वाकते, आत वाळू जाते, स्प्रिंग दमते आणि काडतूस तिरकं अडकतं. दोष बंदुकीचा की डब्याचा, हे दुसरा डबा लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून नेमबाज मॅगझिनवर मार्करने आकडे घालतात. तीन नंबर सारखा अडकतो, तर तो बाजूला. ज्या घरात ऐन पुरणपोळीच्या दिवशी गॅस संपला आहे, त्या घराला दुसरं सिलिंडर का लागतं हे समजावून सांगावं लागत नाही.

इंग्रजांच्या सैन्याला हे पटायला वेळ लागला. त्यांच्या १८८८च्या ली-मेटफर्ड रायफलीचं मॅगझिन निघायचं, पण हरवू नये म्हणून बंदुकीलाच कडीने अडकवलेलं असायचं. पोस्टातलं पेन सुतळीने बांधतात, त्यातलाच प्रकार.

रविवारी आजोबा पाय मोकळे करायला निघाले आणि पुढे चायनाटाउन ओलांडून थेट ‘मॅगझिन रोड’ अशा पाटीखाली उभे राहिले. शेजारी १८७६चं चिनी देऊळ. पुस्तकांचं दुकान मात्र एकही नाही. नाव आहे ते इंग्रजांच्या दारूकोठाराचं. शब्द मुळात अरबी, ‘मखाझिन’, म्हणजे कोठारं. १७३१मध्ये लंडनच्या एका संपादकाने आपल्या मासिकाला ‘जंटलमन्स मॅगझिन’ म्हटलं, मजकुराचं कोठार या अर्थाने, आणि तेव्हापासून दारू आणि मजकूर एकाच नावावर नांदतात.

दारूकोठार म्हटल्यावर हर्णैच्या माणसाला सुवर्णदुर्ग आठवणारच. तो तर त्यांच्या किनाऱ्यावरून रोज दिसतो. एप्रिल १७५५मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने तुळाजी आंग्र्यांच्या या किल्ल्यावर समुद्रातून तोफा डागल्या. आत आग लागली, दारूकोठार उडालं आणि किल्ला पडला. जास्तीचं मॅगझिन नसल्याचं याहून मोठं उदाहरण आजोबांच्या मते इतिहासात नाही. पेशवे त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होते, हा भाग ते हळू आवाजात सांगतात. जेम्सच्या विधवेने १७८४मध्ये नवऱ्याच्या आठवणीसाठी लंडनमध्ये मनोरा बांधला, ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. म्हणजे सुवर्णदुर्गच, इंग्रजाच्या तोंडून निघालेला. तो ज्या टेकडीवर उभा आहे तिचं नाव शूटर्स हिल.

हे सगळं ऐकून मुलगा गप्प होता. त्याला चांगी विमानतळ आठवत होता. धाकट्या नातवासाठी टिकल्यांचं पिस्तूल आणि टिकल्यांच्या दोन जास्तीच्या डब्या आजोबांच्या बॅगेतून त्याने फोनवरूनच काढायला लावल्या होत्या. फटाक्यांवर इथे १९७२पासून बंदी आहे. सिंगापुरात आणायला मनाई असलेल्या वस्तूंच्या यादीत च्युइंगगम आहे आणि पिस्तुलाच्या आकाराचा लायटरही आहे. एवढी काळजी घेऊनही बॅगेत दिवाळी अंक राहिले होते. १९०९मध्ये ‘मासिक मनोरंजन’ने चालू केलेली ही प्रथा आजोबा काटेकोरपणे पाळतात. बॅग जड दिसली म्हणून काउंटरवरच्या तरुणाने आत काय आहे ते विचारलं. आजोबांनी इंग्रजी जुळवलं आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, “मॅगझिन्स. फोर. ऑल स्पेअर.”

बॅग पूर्ण उघडली गेली. तरुणाने एक अंक चाळला, भविष्याच्या पानावर थांबला, हसला आणि बॅग बंद करून दिली. तेव्हा सिंगापूरला दिवाळी अंक घेऊन येणाऱ्या मराठी माणसांना एकच विनंती आहे: विचारलं, तर ‘बुक्स’ म्हणा.