शेवटचा भाग वाचणाऱ्यांसाठी अधिकृत सूचना

रिक रायर्डन यांच्या ‘पर्सी जॅक्सन अँड द ऑलिम्पियन्स’ या मालिकेचा पाचवा आणि शेवटचा भाग, ‘द लास्ट ऑलिम्पियन’, मे 2009 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून तो चुकीच्या पद्धतीने वाचला जात आहे. कुणी गणिताच्या पुस्तकात लपवून वाचतं, कुणी आधी शेवटचं पान बघतं, तर कुणी एका रात्रीत फडशा पाडून सकाळी ‘आता काय वाचू?’ म्हणत घरभर फिरतं. ही अनागोंदी थांबावी म्हणून हे मार्गदर्शन. कथेतली गुपितं पुढे फुटणार आहेत. 2009 सालच्या पुस्तकाबद्दल तशी तक्रार आता ग्राह्य धरली जाणार नाही.

आधी पात्रता. पहिले चार भाग वाचलेले असावेत, तेही क्रमाने. लायब्ररीतला तिसरा भाग नेहमी दुसऱ्या कुणीतरी नेलेला असतो, ही सबब चालणार नाही. ‘सिनेमा पाहिलाय’ ही तर मुळीच नाही. 2010 आणि 2013 मध्ये दोन सिनेमे आले आणि ते प्रकरण तिथेच मिटलं. पाचव्या भागापर्यंत गाडी गेलीच नाही. खुद्द लेखक त्या सिनेमांवर नाराज आहेत, तेव्हा आपण त्यांची बाजू घेण्याचं कारण नाही.

नावांची धास्ती घेऊ नये. हेफेस्टस, पर्सेफनी, हायपेरियन ही नावं मनातल्या मनात कशीही उच्चारली तरी वीज पडत नाही. खलनायक क्रोनस म्हणजे रोमनांचा सॅटर्न. ज्या ग्रहाला त्यांनी त्याचं नाव दिलं तो आपला शनी. न्यूयॉर्कला साडेसाती लागली आहे एवढं समजून पुढे जावं.

मॅनहॅटनचा नकाशा उघडून बसावं. स्वप्नांचा देव मॉर्फियस सगळ्या बेटाला झोपवतो, माणसं रस्त्यातच आडवी होतात आणि देवांची मूठभर पोरं पूल आणि बोगदे अडवून उभी राहतात. नकाशा नसेल तर कोण कुठून येतंय याचा पत्ता लागत नाही आणि वाचक शनीच्या बाजूने लढू लागतो. एम्पायर स्टेट बिल्डिंगला प्रत्यक्षात 102 मजले आहेत, पुस्तकातलं ऑलिम्पस मात्र 600व्या मजल्यावर. मधल्या 498 मजल्यांची चौकशी करू नये.

कथानायक पर्सी पाताळातल्या स्टिक्स नदीत उतरतो आणि अंगावर वार न चालणारा होऊन बाहेर येतो, तिथे मराठी वाचक हटकून म्हणतो, “अरे, हा तर आपला दुर्योधन!” गांधारीच्या नजरेने अंग वज्राचं झालं, मांड्या तेवढ्या राहिल्या, ती गोष्ट. म्हणावं, पण एकदाच. ‘आपल्याकडे हे सगळं आधीच होतं’ हे व्याख्यान जेवणाच्या ताटावर सुरू झालं की पोरं पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जातात. पर्सीची दुबळी जागा कमरेच्या मागे आहे. विल्यम्सबर्ग पुलावर विषारी सुरा नेमका तिथेच येतो आणि त्याची मैत्रीण अॅनाबेथ मध्ये पडते. ती जागा कुठली, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. हे पान दोनदा वाचण्यास परवानगी आहे.

रडायचं कुठे, हेही ठरवून ठेवलेलं बरं. पर्सीचा साथीदार बेकनडॉर्फ सुरुवातीलाच जातो, तेव्हा तयारी नसते. त्याची प्रेयसी सिलेना जाते तेव्हा तीच क्रोनसची हेर होती हे कळतं, आणि राग धरावा की रडावं हे ठरेपर्यंत लढाई पुढे सरकलेली असते.

आता मुख्य सूचना. घाई करणारा वाचक तलवारी आणि राक्षस वाचतो आणि हेस्टिया गाळतो. पुस्तकाचं नाव जिच्यामुळे आहे तीच गाळतो! हेस्टिया ही चुलीची, घराची देवी. बारा सिंहासनांमधली आपली जागा तिने डायोनिससला देऊन टाकली आणि निखारे ढोसत बसली. हाती पहिला भाग असेल तर तो उघडावा. पर्सी देवांच्या मुलांच्या छावणीत नुकताच आला आहे, तिथे आठ-नऊ वर्षांची एक मुलगी विस्तवाजवळ काठीने निखारे सारखे करताना दिसते. एवढंच. रायर्डननी ती 2005 साली तिथे बसवली आणि चार वर्षं तिच्याबद्दल फारसं बोलले नाहीत. पॅन्डोराच्या रांजणात उरलेली आशा पर्सी शेवटी हिच्याच हवाली करतो.

आणि क्रोनसला जाऊन मिळालेला ल्यूक. त्याला नुसता दुष्ट म्हणून सोडणाऱ्याने पुस्तक पुन्हा वाचावं. देवांनी पोरं जन्माला घातली आणि ढुंकून पाहिलं नाही, ही त्याची तक्रार शंभर टक्के खरी आहे. चुकतो तो तिच्यावरच्या उपायात. पर्सीला ते कळतं. म्हणूनच युद्ध संपल्यावर देव अमरत्व देऊ करतात तेव्हा तो ते नाकारतो आणि मागतो काय, तर प्रत्येक मुलाला तेराव्या वर्षापर्यंत आईबापांनी आपलं म्हणावं. मुलांविषयीचा हा जिव्हाळा उगाच नाही: रायर्डन टेक्सासमध्ये शाळामास्तर होते. वाचनाची अडचण असलेल्या स्वतःच्या मुलाला त्यांनी ही गोष्ट प्रथम सांगितली, आणि अक्षरं नाचणं हे देवपुत्राचं लक्षण ठरवलं. शंभर राक्षस मारले गेले तरी पर्सीची ती मागणी वाचली नसेल तर वाचन ग्राह्य धरलं जाणार नाही.

शेवटी ‘शेवटचा’ या शब्दाविषयी. पुस्तकाच्या अखेरीस नवी भविष्यवक्ती रेचल हिच्या तोंडून नवी भविष्यवाणी बाहेर पडते, आणि 2010 मध्ये ‘द लॉस्ट हीरो’ने दुसरी मालिका सुरू झाली, ती 2014 पर्यंत चालली. त्यानंतर अपोलोची पाच पुस्तकं. 2023 मध्ये पर्सी परत आला, कॉलेजच्या प्रवेशासाठी देवांची शिफारसपत्रं गोळा करत. तेव्हा पुस्तक मिटून सुस्कारा टाकण्याआधी कपाटात जागा करावी, आणि पुस्तक लायब्ररीचं असेल तर मुदतीत परत करावं. चौथा भाग संपवून कुणीतरी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलं आहे.