सेवाज्येष्ठता डावलून

(स्थळ : न्यू जर्सीतल्या एका घरामागचं अंगण. एप्रिल महिना, म्हणजे आजोबांच्या मते अजून थंडीच. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले आजोबा कालच साताऱ्याहून आलेत. स्वेटर, मफलर, कानटोपी अशा पूर्ण गणवेशात ते खुर्चीवर बसलेत. नववीतली नात जाळीत सॉफ्टबॉल फेकतेय.)

आजोबा : तुझी आई सांगत होती, तुला शाळेच्या संघात घेतलं म्हणून.

नात : नुसतं घेतलं नाही, आजोबा, व्हार्सिटीत घेतलं! शाळेच्या दोन टीम असतात. मोठी व्हार्सिटी, धाकटी जेव्ही. नववीतल्या मुली बहुतेक जेव्हीत जातात. कोचनं मला डायरेक्ट वर घेतलं.

आजोबा : (गंभीर होत) डायरेक्ट? बारावीच्या मुली असताना?

नात : हो.

आजोबा : त्यातली कुणी निलंबित आहे?

नात : नाही.

आजोबा : कुणाची विभागीय चौकशी चालू?

नात : आजोबा, ट्रायआउट होतात. सगळ्यांना खेळायला लावतात, बघतात आणि मग यादी लावतात.

आजोबा : आमच्याकडेही मुलाखती व्हायच्या. फक्त यादी आधी लागायची. बरं, हरकती मागवल्या होत्या का?

नात : हरकती न मागवताच येतात. मुलींचे आईबाबा पार्किंग लॉटमध्ये उभं राहून घेतात. म्हणून कोचनं सीझनच्या आधीच सांगून टाकलं, मॅच संपल्यावर 24 तास कुणी माझ्याशी बोलायचं नाही.

आजोबा : 24 तासच? आम्ही सहा-सहा वर्षं उत्तर द्यायचो नाही. बाई नवीन दिसतात.

नात : मी पिचर आहे ना, म्हणून घेतलं. चांगल्या पिचर फार नसतात.

आजोबा : ते ठीक. पण अनुभव? त्या मुली तुझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या.

नात : मी लहानपणापासून क्लबकडून खेळतेय. दहा वर्षांखालच्या मुली 35 फुटांवरून टाकतात, बॉलही लहान, 11 इंच घेराचा. बारा वर्षांखाली 12 इंची बॉल आणि 40 फूट. चौदा वर्षांखाली 43.

आजोबा : आणि हायस्कूलला?

नात : 43.

आजोबा : कॉलेजात?

नात : 43.

आजोबा : ऑलिंपिकमध्ये तरी?

नात : तिथेही 43. बॉल तोच.

आजोबा : अरेरे. म्हणजे चौदाव्या वर्षीच शेवटच्या पदावर पोचलीस. आमच्याकडे असं कुणी कुंठित झालं की 12 वर्षांनी कालबद्ध पदोन्नती द्यायचे.

नात : उलट हेच बरं आहे. ताशी 55 मैलांनी टाकलेला बॉल 43 फूट जायला साधारण अर्धा सेकंद घेतो. तेवढ्यात समोरच्या मुलीला माझी इयत्ता विचारता येत नाही. आणि मी तर नववीत आहे. शेजारी न्यूयॉर्क राज्यात सातवी-आठवीतल्या मुलीसुद्धा व्हार्सिटीत खेळू शकतात. डॉक्टरची तपासणी, फिटनेसची चाचणी आणि खेळ येतो असा कोचचा शेरा, एवढं लागतं.

आजोबा : तीन कागद! शेजारचं राज्य जरा वळणावरचं दिसतंय. बरं, संघाच्या यादीत तुझा क्रमांक कितवा?

नात : (बॉल चाचपत) मॅचच्या दिवशी? दहावा.

आजोबा : आणि मैदानात खेळतात किती?

नात : नऊ.

आजोबा : अगं, मग तू प्रतीक्षा यादीत आहेस! पेढे कसले वाटताय?

नात : नाही हो. मी फ्लेक्स. म्हणजे मी पिचिंग करायचं, बॅटिंग नाही. माझ्या जागी बॅटिंग करते ती डीपी, डेझिग्नेटेड प्लेअर. ती बारावीत आहे. गेल्या वर्षी तीच पिचर होती.

आजोबा : थांब, थांब. हात दुखेपर्यंत बॉल टाकायचे तू?

नात : हो.

आजोबा : आणि टाळ्या घ्यायला बॅट घेऊन उभी राहणार ती?

नात : तसंच काहीसं.

आजोबा : (आदरानं कानटोपी काढून) कार्यभाराची इतकी चोख वाटणी मी मंत्रालयातसुद्धा पाहिली नाही.

नात : आणि बॉलच्या बादल्या, हेल्मेटच्या बॅगा, सगळं उचलायचं नववीवाल्यांनी. बसमधल्या मागच्या सीट सीनियरना. मॅच संपली की दाताळं घेऊन मैदान सारखं करायचं, तेही आम्हीच.

आजोबा : हे आधी नाही का सांगायचं! मी इतका वेळ घाबरलो होतो, या देशात ज्येष्ठता नाहीच की काय. आहे की! फक्त मैदानाच्या बाहेर ठेवलीय. आम्ही उगाच आत घेऊन बसलो. पण काय गं, ती बारावीतली रागावली असेल.

नात : पहिले काही दिवस बोलत नव्हती. आता प्रॅक्टिस संपली की तीच मला घरी सोडते. इथे 17 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय एकट्यानं गाडी चालवता येत नाही, आणि तेव्हाही आधी प्रोबेशनरी लायसन्सच मिळतं. त्यावर आईबाबा सोबत नसतील तर एकच माणूस गाडीत घेता येतो.

आजोबा : परिविक्षाधीन! वा. आणि तो एक माणूस तू?

नात : हो. म्हणाली, तू आजारी पडलीस तर मला परत पिचिंग करावं लागेल, आणि मला त्याचा कंटाळा आला होता.

आजोबा : खरंच आला होता?

नात : मी विचारलं नाही.

आजोबा : बरं केलंस. अशा टिपणीवर शेरा मारायचा नसतो, नुसती सही करायची.

नात : पण आजोबा, एक प्रॉब्लेम आहे. आमच्या क्लबमधली आठवीतली एक मुलगी पुढच्या वर्षी शाळेत येतेय. 58नं टाकते.

आजोबा : आणि तू 55नं. मग?

नात : मग काय मग! मी तिच्या एक वर्ष आधी आले ना टीममध्ये? बादल्या मी उचलल्या. काही नियम हवा की नको?

आजोबा : (प्रसन्न होऊन) शाब्बास! आता कसं रक्त बोललं. घे कागद. प्रति, माननीय कोच महोदया, विषय : सेवाज्येष्ठता डावलल्याबाबत...

नात : उपयोग होईल?

आजोबा : शून्य. पण आवक क्रमांक मिळेल.

नात : आजोबा!

आजोबा : बरं, राहिलं. तीन मैल वेग काही अर्जानं वाढत नाही. दुसरं काही येतं का तुला?

नात : चेंजअप शिकतेय. हात तेवढ्याच जोरात फिरवायचा, चेहराही तसाच ठेवायचा. समोरच्या मुलीला वाटतं, आला, आला! आणि बॉल येतो निवांत. तोवर तिची बॅट फिरून मोकळी झालेली असते. पण मला अजून जमत नाहीये.

आजोबा : (उठून स्वेटरच्या बाह्या सरसावत) म्हणजे धावपळ सगळी दिसायची आणि माल मात्र सवडीनं निघायचा? अगं, आण तो बॉल इकडे. यात आमच्या कचेरीचा हात कुणी धरणार नाही.