पाटीलकी खालसा, पाटील जोरात

महाराष्ट्र सरकारने १९६२ साली कायदा करून गावोगावच्या मुलकी पाटलांची पदं रद्द केली. कुलकर्ण्यांची वतनं त्याआधीच, मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने गेली होती. गावचा सारा वसूल करण्याचा अधिकार बापाकडून मुलाकडे जावा आणि मुलगा दिवटा निघाला तरी गावाने त्याला रामराम घालावा, हे लोकशाहीत शोभत नाही, असा त्यामागचा विचार. विचार उत्तमच होता. फक्त सरकारने पद काढून घेतलं आणि आडनाव आहे तिथेच राहू दिलं. पद गेल्यावर आडनाव आपसूक विरून जाईल, अशी कुणाची समजूत झाली असेल, तर त्याला महाराष्ट्र कळला नव्हता. पाटीलकी गावच्या चावडीवरून उठली, काही दिवस साखर कारखान्याच्या गेस्टहाउसवर टेकली आणि मग थेट मंत्रालयात जाऊन बसली.

हे चेष्टेने म्हटलेलं नाही. सरकारी नोंदी काढून बघा. जुन्या गावगाड्यात पाटलाकडे मुख्य कामं दोन, वसूल आणि बंदोबस्त. पुढे इंग्रजी अमलात त्यांचे मुलकी पाटील आणि पोलीस पाटील असे दोन भाग पडले. आजच्या राज्यात त्याच दोन कामांना महसूल खातं आणि गृह खातं म्हणतात. आता नोव्हेंबर २००८ आठवा. राष्ट्रपती प्रतिभा पाटील, देशाचे गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील. मुंबईवर हल्ला झाला. ३० नोव्हेंबरला दिल्लीच्या पाटलांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईच्या पाटलांनी. जबाबदारी स्वीकारण्याची ही रीत चांगलीच म्हणायची. पण राज्याचं रिकामं झालेलं गृह खातं गेलं कुणाकडे? जयंत पाटलांकडे. वर्षभराने ते परत आलं आर. आर. पाटलांकडे. पुढे २०२१ साली तिथे दिलीप वळसे पाटील आले. महसूल खात्यात २०१६ पासून चंद्रकांत पाटील होते, २०२२ पासून राधाकृष्ण विखे पाटील. अधूनमधून दुसऱ्या आडनावाची माणसंही त्या खुर्च्यांवर बसून गेली, नाही असं नाही. पण जुन्या काळीही पाटील अज्ञान असला की मुतालिक, म्हणजे बदली कारभारी, नेमून काम भागवत. आणि २००८ चा आणखी एक तपशील सोडवत नाही. त्या हल्ल्याच्या वेळी मुख्यमंत्री देशमुख होते आणि उपमुख्यमंत्री पाटील. परगण्याला देशमुख, त्याच्या हाताखाली गावाला पाटील, ही उतरंड निजामशाहीच्या दफ्तरातून जशीच्या तशी उचलून मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर आणून ठेवावी, इतकी बरोबर जुळली होती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. पाटील हे आडनावच अमाप, मग सत्तेतही पाटील दिसणारच. त्यात वतनाचा काय संबंध? मोजणी मान्य. मराठा पाटील आहेत, तसे लिंगायत आहेत, सांगली-कोल्हापूरकडचे जैन आहेत, खानदेशातले लेवा आहेत, रायगड-ठाण्याचे आगरी आणि कोळी आहेत, मुसलमान आहेत. कर्नाटकाने वीरेंद्र पाटलांना दोनदा मुख्यमंत्री केलं. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील गुजरातमध्ये भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले. पण अमाप आडनावं महाराष्ट्रात इतरही आहेत. जाधव काय थोडे आहेत? शिंदे, पवार, मोरे? तरी स्वतःचं धडधाकट आडनाव असताना त्यापुढे आणखी ‘जाधव’ लावणारा माणूस आजवर कुणी पाहिला नसेल. विखे पाटील, वळसे पाटील, मोहिते पाटील असतात. विखे मोरे नसतात. कुलकर्णी, देशपांडे हीही पदांचीच आडनावं. पण वतन गेल्यावर कुलकर्ण्यांनी पुण्यात ब्लॉक घेतला, मुलाला अमेरिकेला धाडलं आणि दप्तर मिटलं. एखादा रानडे आपल्या नावापुढे कौतुकाने कुलकर्णी जोडताना दिसत नाही. जे जन्माने मिळतं ते आडनाव आणि जे मिळालेलं असूनही वर आणखी लावावंसं वाटतं ती पदवी, एवढा फरक सरळ आहे. तो नाटककार तेंडुलकरांना पक्का ठाऊक होता. ‘सामना’ चित्रपटातल्या साखरसम्राटाचं नाव त्यांनी हिंदुराव धोंडे पाटील ठेवलं. नुसत्या ‘धोंडे’वर भागलं नसतं. (दिग्दर्शक पटेल होते, हा निव्वळ योगायोग.)

प्रतिभाताईंचंच बघा. त्यांचं माहेर पाटलांचं, सासर शेखावतांचं. लग्नानंतर आडनाव बदलण्याचा रिवाज त्या पिढीत किती कडक होता, हे सांगायला नको. तरीही राष्ट्रपतिभवनात नोंद झाली ती प्रतिभा देवीसिंह पाटील अशी, नवऱ्याचं नाव मधे आणि वडिलांचं आडनाव शेवटी. स्त्रीने माहेरचं आडनाव राखलं म्हणून कुणाची भुवई वर गेली नाही. ते आडनाव साठे किंवा लेले असतं, तर किती अग्रलेख पडले असते कोण जाणे.

आता एवढ्या वापराने त्या आडनावाचं झालंय काय, तर आडनावाने जे करायचं तेच त्याला करता येईनासं झालंय. माणूस ओळखू येणं हे आडनावाचं काम. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सांगलीच्या मतदारापुढे तीन प्रमुख उमेदवार होते, भाजपचे संजयकाका पाटील, ठाकऱ्यांच्या शिवसेनेचे चंद्रहार पाटील आणि अपक्ष विशाल पाटील. ‘सांगलीत पाटील आघाडीवर’ अशी बातमी सकाळी आठ वाजता छापली असती, तरी ती खोटी ठरण्याची भीती नव्हती. वसंतदादा १९८० मध्ये तिथून निवडून गेले, तेव्हापासून तिथला खासदार पाटीलच आहे. मतदार फक्त कोणता ते ठरवतो. सारख्या नावाच्या डमी उमेदवारांचा उपद्रव देशभर एवढा वाढला, की २०१५ पासून निवडणूक आयोगाला मतदानयंत्रावर उमेदवारांचे फोटो छापावे लागले. अक्षरओळख नसलेल्यांसाठी चिन्हं होतीच. फोटो आले ते वाचता येणाऱ्यांसाठी.

संस्थांचं तर विचारूच नका. वसंतदादा मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, आणि एका पाटलांनी उघडलेल्या दरवाजातून दुसरे पाटील जे आत गेले, ते कोल्हापूर, पिंपरी, नवी मुंबई असे सगळीकडे दिसू लागले. या तिन्ही ठिकाणी डी. वाय. पाटलांच्या नावाचं एकेक अभिमत विद्यापीठ आहे. विद्यार्थ्याने ‘डी. वाय.ला आहे’ असं सांगितलं की समोरच्याला ‘कुठलं?’ हे विचारावंच लागतं. नेरूळला त्यांच्या नावाचं स्टेडियम आहे, तिथे पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना झाला. तिथून थोड्या अंतरावर विमानतळ उभा राहिला, त्याला दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून २०२१ मध्ये हजारो भूमिपुत्र रस्त्यावर उतरले आणि २०२२ मध्ये विधिमंडळाने तसा ठराव केला. म्हणजे डी. वाय.ला मॅच आणि दि. बां.ना विमान. परगावच्या पाहुण्याने नुसतं ‘पाटील’ म्हणून टॅक्सी केली, तर चेक-इनच्या रांगेऐवजी पॅव्हेलियनच्या फाटकावर उतरण्याची पाळी त्याच्यावर येणार.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. सगळ्या पाटलांना एका दावणीला का बांधता? दि. बां.नी सिडकोने घेतलेल्या जमिनींसाठी १९८४ चं आंदोलन लढवलं, त्यात पाच माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली, आणि प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले ते त्यातूनच. क्रांतिसिंह नाना पाटलांनी साताऱ्यात इंग्रजांच्या छाताडावर प्रतिसरकार चालवलं. भाऊराव पाटलांनी बहुजनांच्या मुलांना शाळेत आणलं. आक्षेप पूर्ण मान्य. उलट या तिघांमुळे मुद्दा अधिकच पक्का होतो. भाऊरावांनी १९१९ मध्ये संस्था काढली तेव्हा नाव काय दिलं? रयत. पाटलाने ज्यांच्याकडून सारा वसूल करायचा, त्यांचंच नाव एका पाटलाने संस्थेच्या पाटीवर लिहिलं. बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव, हायस्कूलला सयाजीरावांचं, कॉलेजला शिवाजी महाराजांचं. स्वतःचं आडनाव लावायला जागा भरपूर होती, लावायचं सुचलं नाही. आणि गंमत बघा, या तिघांचं आडनाव लोकांनी बोलताना कधीच गाळून टाकलं आहे. ते कर्मवीर, ते क्रांतिसिंह, ते दि. बा. एवढ्यावर ओळख पुरते. आडनाव उच्चारावं लागतं ते बाकीच्यांचं, नाहीतर फलक कुणाचा ते कळत नाही.

साधा, बिनकारखान्याचा पाटीलही या सगळ्यात फुकट भरडला जातो, हेही नोंदवायला हवं. पोळ्याला पाटलाचा बैल तोरणाखालून पहिला जायचा. त्या मानावरून भाऊबंदांत डोकी फुटली आणि कोर्टात पिढ्या खपल्या. वाटण्या होत होत आज नावावर दीड एकर उरलेला माणूसही कागदोपत्री पाटीलच आहे. त्याला बँक दारात उभं करत नाही, पण लग्नपत्रिकेवर तो ‘श्रीमंत’ असतो.

सरकारला खरंच काही करायचं असेल तर नवा कायदा नको. अर्जात आडनावाच्या रकान्याशेजारी एक चौकट वाढवावी आणि ‘पाटील’ लिहिणाऱ्याने जन्माने, हौसेने की नेमणुकीने, यापैकी एकावर खूण करावी. हौशी वर्गाकडून वार्षिक शुल्क घेतलं तरी महसूल खात्याचं भलं होईल, मग तिथे मंत्री कुणी का असेना. तिसरा वर्ग मात्र शुल्कमाफ ठेवावा, कारण नेमणुकीचे पाटील अजून आहेत. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली गावात पोलीस पाटील नेमतात. लेखी परीक्षा असते, तोंडी असते, आरक्षण असतं, बायकाही या पदावर आहेत. गावात मध्यरात्री मारामारी झाली की ठाण्याला पहिला फोन त्यांनीच करायचा असतो. २०२४ मध्ये त्यांचं मानधन महिना साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झालं. आज राज्यात कायद्याने पाटील असलेली माणसं ती एवढीच, आणि त्यांतले कितीतरी जाधव, कांबळे, शेख किंवा गावित असतात. पाटील व्हायची ज्यांना मनापासून हौस आहे, त्यांनी जाहिरात निघाली की प्रांत कचेरीचा फलक पाहावा. दहावी पास, वय २५ ते ४५ आणि त्याच गावचा रहिवासी, एवढं पुरतं. आडनावाची अट नाही.