सिंहगडावर कचरा टाकण्याचे प्राथमिक धडे

गोळेवाडीच्या नाक्यावर पावती फाडतात. तिला 'उपद्रव शुल्क' म्हणतात. शिकाऊ माणसाने हे दोन शब्द नीट वाचून घ्यावेत. पैसे भरले, म्हणजे उपद्रव आपल्या हक्काचा झाला. त्याच पावतीची गोळी करून घाटातल्या पहिल्या वळणावर खिडकीतून सोडावी. आतकरवाडीहून पायी चढणाऱ्यांनी हिरमुसू नये, त्यांना झुडपं जवळ पडतात.

पाण्याची लिटरभराची बाटली म्हणजे किलोभर ओझं. ते पुणे दरवाजापर्यंत बिनतक्रार वाहावं. पाणी संपलं की बाटलीचं वजन उरतं पंचवीस-तीस ग्रॅम. एवढं मात्र कुणालाच पेलत नाही. अशा वेळी तटातली जंगी शोधावी. शत्रूवर बंदूक रोखायला केलेल्या या भोकात चेपलेली बाटली अशी चपखल बसते की पूर्वजांच्या दूरदृष्टीचं कौतुक वाटावं.

पिठलं-भाकरी झाली की मडक्यातलं दही घ्यावं. कडेची साय खरवडून खावी आणि मडकं कड्यावरून भिरकावावं. कुणी हटकलंच, तर 'मातीचंच आहे, मातीत मिळेल' असं म्हणावं. भाजलेली माती तशी मिळत नाही; सातवाहनांची खापरं अजून उत्खननात सापडतात. पण त्यांनी इतिहासासाठी काही ठेवलं, मग आपण का ठेवू नये? थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. तेव्हा त्या पुरावा मागे राहणार नाही अशा बेताने खोल दरीत टाकाव्यात.

वेफर्सच्या पुडीत तळाशी चुरा ठेवून ती वानरासमोर धरावी. तो ती ओढून नेतो, फाडतो, चाटतो आणि टाकून देतो. आता कचरा वानराने केला. ही युक्ती मला एका आजोबांनी शिकवली, नातवाच्या देखत.

पुढे 'देवटाके' अशी पाटी लागते. हे पाण्याच्या टाक्याचं नाव आहे, आज्ञा नव्हे. नवशिके इथेच फसतात, आणि पाण्यावर निर्माल्य, गुटख्याच्या पुड्या नि एखादी चप्पल तरंगू लागते.

लघुशंका तटाकडे तोंड करून उरकावी, म्हणजे इतिहासाकडे पाठ फिरवल्यासारखं होत नाही. 'जय भवानी' मात्र हात धुऊन मगच. पाणी संपलेलं असेल, तर तसंच.

दरीत गेलेलं सगळं तळाशी पोचत नाही, निम्मंअधिक करवंदीच्या जाळीत अडकून बसतं. मोहिमेवर आलेली पोरं कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरतात आणि एकेक बाटली काट्यांतून सोडवून पोत्यात भरतात. 1670 साली तानाजी मालुसऱ्यांचे मावळे या गडाचा कडा दोराने चढून आले होते. पोरांचं पोतं वर ओढायला चौघे लागतात.